दुखऱ्या पायांचं दुकान

१२ जानेवारी

आज दुकान उघडलं. लेकीनं परगावाहून फोनवर सांगितलं, "बाबा, काय काय घडतं ते लिहून ठेवत जा. पुढं वाचताना मजा येईल." मजेचं मला माहीत नाही. पण जोड्यांच्या कारखान्यात निम्मा जन्म दुसऱ्यानं आखून दिलेले तळ कापले, आता स्वतः आखून कापणार, हे कुठंतरी लिहायला हवंच. कारखाना बंद पडला तेव्हा जो तो म्हणाला, या वयात कसला खटाटोप करता. फक्त आमची ही म्हणाली, "हात चालतायत तोवर चालवू."

खाली दुकान, वर आम्ही. मधे अरुंद जिना. खिडकीपाशी हिचं पायमशीन, दाराशी माझी फळी. वरची शिलाई तिची, तळ माझा, असं ठरलंय. पाटीवर लिहून घेतलं: 'दुखऱ्या पायांसाठी खास जोडे'. रंगारी ब्रश धुत होता तेव्हा ही म्हणाली, "दुखऱ्या वाचून लोक लंगडत येतील."

"यावेत म्हणूनच लिहिलंय," मी म्हणालो.

दिवसभरात एक माणूस आला. पत्ता विचारायला.

२३ जानेवारी

पहिलं खरं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई. अंगठ्याच्या मुळाशी एवढी गाठ, की कुठल्याच जोड्यात पाय बसत नाही. पायाच्या मापाचं लाकडी पाऊल, म्हणजे कलबूत, घेतलं, गाठीच्या जागी कातड्याचे तुकडे चिकटवून तेवढाच उंचवटा उभा केला आणि त्यावर जोडा बांधला. बाईंनी आज तो घातला, दुकानात चार फेऱ्या मारल्या, आणि दारात उभ्या राहून माझ्यावरच ओरडल्या, "इतकी वर्षं कुठं होतात हो?"

हिला हसू आवरेना. मीही फुगलो जरा. पाय बघितला की मला माणूस कळतो. कुणाचा भार टाचेवर, कुणाचा चवड्यावर, कोण उजवीकडे झुकतो, सगळं तळाच्या झिजेत लिहिलेलं असतं.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी हिचे पाय सुजतात. मोजे काढले तर घोट्यावर मोज्याच्या रबराची खोल चरी. मशीनचं पायडल दिवसभर हाणायचं म्हणजे असं होणारच. मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. मीठ पाणी ओढून घेतं, हे माझी आई सांगायची. पाय टबात आणि मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी, अशी ही मजेत बसली होती. नंतर मी तेल लावून तळवे रगडून दिले.

"रोज एवढी सेवा होणार असेल तर रोज सुजवीन," म्हणाली.

सकाळी सूज उतरलेली होती. घरचं दुखणं, घरचाच वैद्य.

१४ फेब्रुवारी

सकाळीसुद्धा थोडी राहतेय. हिचे नेहमीचे जोडे चढेनात. टाचेशी शूहॉर्न लावून चढवले, तर संध्याकाळी काढताना डोळ्यांत पाणी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात जोडेवाला असून बायकोनं पाय कोंबायचे? हिचं कलबूत काढलं, दोन्ही बाजूंनी पातळ कातडं चिकटवलं, आणि मऊ पट्ट्यांच्या सपाता करून दिल्या. पाय आत गेल्यावर हिनं असा श्वास सोडला, की माझेच पाय सैल झाले.

लग्नातली अंगठीही निघत नाहीये म्हणे. अंगानं भरलीय जरा. दुकान चालायला लागलं, चिंता गेली, अंगावर सुख दिसणारच.

२६ फेब्रुवारी

मशीनला मोटर बसवली. आता पायडल नुसतं टेकवायचं. हिचे पाय उशीवर ठेवायला लावतो, घोटे गोल फिरवायला लावतो, अधूनमधून उठून दुकानातल्या दुकानात चालायला लावतो. सगळं शिस्तीत चाललंय.

तरी सुजतात. गंमत आहे.

४ मार्च

आता पोटऱ्यांपर्यंत ठणकतात म्हणाली. परवा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर, चारेक दिवस. दुसऱ्याच दिवशी चेहरा खुलला. "दिवसा झोपून राहावंसं वाटत होतं, तेवढं गेलं," म्हणाली.

चार दिवसच घ्या असं तो का म्हणाला कोण जाणे. गुण येतोय तर थांबवायचं कशाला? आणखी आणून ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ मीच पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहतो, नाहीतर ही विसरते.

९ मार्च

गोळ्यांच्या डब्यात हिची रक्तदाबाची गोळी दिसली नाही. विचारलं, तर म्हणाली, "एका पोटात किती गोळ्या घालू? त्यातली एक कमी केली." खरंच आहे. त्या गोळीनं कधी काही फरक पडलेला मी तरी पाहिला नाही. या गोळीनं पडतो.

१८ मार्च

वृद्धाश्रमाची मोठी ऑर्डर मिळाली! मोठ्या बाईंनीच शब्द टाकला. तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्या-म्हातारीला मापाचे जोडे. उन्हाळा सरायच्या आत द्यायचेत. बातमी ऐकून मी मोठ्यानं हसलो, ही मशीनवरून उठलीच नाही, बसल्या जागी हात जोडले. म्हणाली, "आता मी आजारी पडायला मोकळी नाही."

"कोण पाडतंय तुला आजारी?" मी म्हणालो.

२४ मार्च

आज मन जरा खट्टू झालं. दवाखान्यातल्या एक सिस्टर टाचदुखीसाठी आल्या होत्या. मी माप घेत होतो आणि त्यांचं लक्ष हिच्या पायांकडे. माप अर्धवट सोडून त्या उठल्या, हिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तर तिथं खड्डा. आणि तो खड्डा तसाच राहिला. भिजवलेल्या कातड्यावर बोटाचा ठसा राहतो, तसा.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"कामानं होतं हो," ही म्हणाली.

"जिना चढताना दम लागतो का? रात्री उशा किती घेता?"

"दम कुणाला लागत नाही? नि मी जाऊन आलेय डॉक्टरांकडे. त्यांनी सांगितलंय, काळजीचं काही नाही."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "आमच्याकडं पायांचंच काम चालतं, सिस्टर. लक्ष आहे माझं." त्यांनी माप पुरं करू दिलं. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "दादा, लवकर दाखवा. पायांचं दुखणं पायांतच असतं असं नाही."

शिकलेली माणसं साधी गोष्ट अवघड करून सांगतात. पण ही डॉक्टरकडे कधी गेली होती? माझ्या लक्षात नाही. मी कातडं आणायला बाजारात गेलो होतो त्या दिवशी गेली असेल.

२ एप्रिल

जिन्याच्या वळणावर हिला थांबावं लागतं. तिथं एक स्टूल ठेवून दिलं. वर जाताना टेकते, खाली येताना टेकते. मला म्हणाली, "राजवाड्यात सुद्धा अशी सोय नसेल." छोट्या छोट्या गोष्टींनी माणसाचं किती सुख वाढतं!

गच्चीवर कपडे वाळत घालायला आता मी जातो.

८ एप्रिल

खोकला लागलाय हिला. आडवी झाली की जास्त. गादीतला जुना कापूस धुळकट झाला असणार, म्हणून गादी उन्हात टाकून बडवली. फरक नाही. मग हिनं स्वतःच उपाय काढला. खुर्चीत बसून झोपते. पाठीला उशा, पाय समोरच्या खोक्यावर. सकाळी मी उठतो तर ही खिडकीशी टक्क जागी, बाहेर बघत बसलेली. "म्हातारपणी झोप कमी होते," म्हणाली.

खोक्यावर टाचा रुततात म्हणून मी कातड्याची मऊ गादी असलेला, पुढं उतरता पायठेवा करून दिला. सुबक झालाय. असे आणखी चार केले तर दुकानात विकले जातील.

१५ एप्रिल

दुसऱ्या सपाता केल्या. कलबुताला आता इतकी ठिगळं लागलीत की मूळ लाकूड दिसत नाही. माप घेताना दोरी पायाभोवती फिरवली आणि गाठ मारायच्या आधी दोनदा बघितलं, चुकून दुसऱ्या कुणाचं माप तर घेत नाहीये ना. कातडी ताणून चकचकीत झालीय. हात लावला की गार लागते.

सपाता मात्र अप्रतिम झाल्यात. हिला दाखवल्या तर बराच वेळ हातात धरून बसली.

"काय झालं? आवडल्या नाहीत?"

"आवडल्या की. एवढे मोठे पाय माझे आहेत का, ते बघत होते."

मग हसली. मग खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

२१ एप्रिल

लेकीचा व्हिडिओ कॉल. आईचं तोंड बघून म्हणाली, "आई, तू फुगल्यासारखी का दिसतेस?"

"तुझे बाबा बसून खाऊ घालतायत."

"आई, एक वाक्य बोलताना मधे दोनदा थांबलीस तू."

हिनं फोन माझ्या हातात दिला आणि मशीनकडे वळली. लेक माझ्यावर घसरली. डॉक्टरला दाखवलं का, कुठल्या, काय म्हणाला. मी सांगितलं, अगं, कोमट पाण्यात पाय, तेल, गोळी, पाय उंच, सगळं वेळच्या वेळी चाललंय, एक दिवस चुकवलेला नाही. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "बाबा, मी रविवारी येतेय. आल्याबरोबर आईला घेऊन जाणार आहे, तुम्ही दोघं काहीही म्हणा."

आपल्या पोरी आपल्याला दटावायला लागल्या, की समजावं आपले केस पिकले.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "ती आली की डॉक्टर काहीतरी काढतीलच. दवाखान्यात पाय ठेवला की काहीतरी निघतंच. ऑर्डर तेवढी पुरी होऊ द्या." मीही म्हणालो, बरं. थोडेच जोड राहिलेत.

२३ एप्रिल

जेवण जात नाही हिला. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं म्हणते. तरी दिवसभरात चार जोडांची शिलाई केली. हात मात्र तसाच सरळ चालतो, टाका कुठं हलत नाही. दुपारी मशीनवर डोकं टेकून झोपली होती. मी उठवलं नाही.

गोळ्या संपल्या होत्या, आणल्या.

२५ एप्रिल

दवाखान्यात बसून लिहितोय. दुसरं काय करू, इथं बाहेरच्या बाकावर नुसतं बसायचंय.

सकाळी मी दुकान उघडलं. ही मागून येतेच म्हणाली होती. मी तळ घासत होतो, घासायच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. चहा थंड झाला म्हणून हाक मारली. उत्तर नाही. जिन्यात गेलो तर वळणावरच्या स्टुलावर ही बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं. भरलेल्या हंड्यातून बुडबुडे यावेत तसा छातीतून आवाज. ओठ जांभळे. वर चढवेना, खाली उतरवेना. किती वेळ बसली होती कोण जाणे. मला बघून हात उचलायला गेली, तोही उचलला नाही. एक सपात पायातून निसटून खालच्या पायरीवर पडली होती. मी वेड्यासारखा आधी तीच उचलून तिच्या पायात घालायला लागलो.

समोरचा चहावाला धावत आला. त्यानं पाठीकडून धरलं, मी पायांकडून. ते पाय किती जड होते. पाण्यानं भरलेल्या पिशव्या.

आता आत आहे. तोंडावर प्राणवायूची नळी. मला आत जाऊ देत नाहीत.

२६ एप्रिल

लेक पहाटेच्या गाडीनं आली. माझ्या शेजारी येऊन बसली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. म्हणाल्या, हृदय थकलंय, रक्त पुढं ढकलायला कमी पडतं, म्हणून पाणी मागं साठत गेलं. आधी पायांत, मग पोटात, मग छातीत. मग विचारलं, "घरी काय औषध देत होता?"

मी खिशातलं पाकीट काढून दाखवलं. म्हणालो, "सकाळ-संध्याकाळ एकेक. एकदाही चुकवलेली नाही."

बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "केव्हापासून?"

"मार्चपासून."

त्यांनी पाकीट आपल्या कोटाच्या खिशात ठेवलं आणि रक्तदाबाचं विचारलं. ती गोळी बंद केल्याचं मी सांगितलं, तेव्हा लेकीनं माझा दंड धरला. बाई सावकाश म्हणाल्या, "काका, या गोळ्यांनी दुखणं झाकतं, पण अंगात पाणी साठून राहतं. मूत्रपिंडावरही ताण येतो. त्यांच्या मूत्रपिंडाचे आकडे चांगले नाहीत. उतरतील का ते आताच सांगता येत नाही."

मला कळलं. आणि तरी मी विचारलं, "पण पाय रोज कोमट पाण्यात ठेवत होतो. त्यानं काही नाही ना झालं?"

"त्यानं काही नाही झालं," त्या म्हणाल्या.

काहीतरी एक बरोबर केलं होतं, एवढ्यासाठी मला रडू आलं.

२९ एप्रिल

बोलायला लागली. औषधं देऊन लघवीवाटे खूप पाणी काढलंय. पाच मिनिटं आत सोडलं.

"ऑर्डर?" हा तिचा पहिला शब्द.

"गेली खड्ड्यात."

"असं नका बोलू. सहाच जोड राहिलेत."

मी विचारलं, खुर्चीत का झोपत होतीस ते खरं सांग. तिनं डोळे मिटले. म्हणाली, "आडवी झाले की बुडाल्यासारखं व्हायचं. विहिरीत कुणी डोकं दाबून धरावं तसं. उठून बसले की वर यायची."

"मला उठवायचं नाही?"

"दिवसभर उभे असायचात तुम्ही. आणि किती हौसेनं तो पायठेवा केला होतात."

मी तिच्या पायांकडे बघितलं. सूज उतरलीय. कातडी ओल वाळलेल्या कातड्यासारखी सुरकुतून सैल पडलीय, घोट्याची हाडं वर आलीत. मी ओळखलेच नाहीत. पाय बघून माणूस ओळखणारा मी.

६ मे

घरी आणलं. लेकीनं रजा वाढवून घेतलीय. तिनं खालची मागची खोली रिकामी केली, आता जिना चढायचा नाही. मीठ अगदी बेतानं, पाणीसुद्धा मापून. गोळ्यांचा वेगळा डबा लेकीनं केलाय, त्याला मला हात लावायची मनाई. ती असं बोलली नाही, पण डबा आपल्या उशाशी ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी एक वजनकाटा घ्यायला सांगितलाय. रोज सकाळी उठल्यावर, पोटात काही जायच्या आधी त्यावर उभं राहायचं. दोन-तीन दिवसांत वजन झपकन वाढलं, तर पायांची सूज दिसायची वाट बघायची नाही. उशीर करायचा नाही. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

मूत्रपिंडाचे आकडे पुरते उतरलेले नाहीत. मी विचारलं, उतरतील ना? त्या म्हणाल्या, बघू.

टाचदुखीच्या सिस्टर आपले जोडे घ्यायला आल्या. मी तोंड वर करू शकलो नाही. त्यांनी काही सुनावलं नाही. आत जाऊन हिच्याशी जरा वेळ बोलल्या, आणि जोडे घालून गेल्या.

१३ मे

लेक आज सकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, आईचं ऐकू नका. ती बरं आहे म्हणेल."

ही बरी दिसतेय. आज दुपारी मशीनवर बसायचा हट्ट धरला. तासभर बसू दिलं. पुन्हा ती मोटरची घरघर ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

१६ मे

आज सकाळी काट्यावर उभी केली. काल थोडं वाढलं होतं, काटा आहे, इकडं तिकडं होणारच, म्हणून मी सोडून दिलं. आज दोन किलो वर.

"काटा खोटा आहे," ती म्हणाली. "नाहीतर गाऊन जाड आहे."

मी खाली वाकून पाय बघितले. सूज नाही. घोटे मोकळे, बोटं मोकळी, अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडत नाही. "बघा," ती म्हणाली, "पाय कसे छान आहेत. तुम्हीच म्हणता ना, पायात सगळं दिसतं."

खोकली. एकदाच. आणि लगेच गाऊनच्या बाहीनं तोंड पुसलं, जणू खोकलीच नाही.

"रात्री किती उशा घेतल्यास?" मी विचारलं.

ती हसली. काट्यावरून खाली उतरली.

मग मी उठलो आणि तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतक्या महिन्यांत एवढ्या जवळून बघितलंच नव्हतं. डोळ्यांखाली फुगलंय. ओठांच्या कडेला फिकट निळसर रेघ आहे. ती माझी नजर चुकवत होती.

चहावाल्याला गाडी आणायला पाठवलंय. ती येईपर्यंत हे लिहितोय. ही दारात बसलीय, रागावलीय. म्हणते, उद्या जाऊ, आज गिऱ्हाइकं यायचीयत, निदान आवरून चहा तरी घेऊन निघू.

मी नाही म्हणालो.